मशिदीच्या माईकपासून खोडदच्या दुर्बिणीपर्यंत : लहरींची लुडबुड रोखणारं कवच कसं असतं?

जुम्याचा खुतबा सुरू असतो. मशीद शांत असते. अचानक लाऊडस्पीकरमधून ‘टर्र-टर्र-टर्र’ असा आवाज येतो आणि दोन-तीन सेकंदांनी पहिल्या सफेतल्या कुणाच्या तरी खिशातला फोन वाजतो. बाभुळगाव असो, यवतमाळ असो की मुंबई, हा आवाज ऐकला नाही असा नमाजी क्वचितच सापडेल. माईकवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘मोबाइल दूर ठेवा’. त्याचं बरोबर आहे. पण फोन वाजायच्या आधीच स्पीकरला कसं कळतं, हे कुणी सांगत नाही.

यामागचं कारण साधं आहे. जुन्या टू-जी पद्धतीचा फोन टॉवरशी सलग बोलत नाही. तो सेकंदाला २१७ वेळा छोटे-छोटे झटके देत बोलतो. कॉल येण्याआधी फोन आणि टॉवर यांची आपसात बोलणी होतात, तेव्हाच हे झटके सुरू होतात. माईकची लांब वायर अँटेनासारखी ते झटके पकडते, ॲम्प्लिफायर त्यांना मोठं करतो आणि आपल्याला टर्र ऐकू येतं. साध्या बटनाच्या फोनचा त्रास जास्त का, तेही यातच आलं. फोर-जी फोनचा झटक्यांचा ढंग वेगळा असल्यामुळे तो स्पीकरमध्ये एवढा उमटत नाही.

एका यंत्राच्या लहरींनी दुसऱ्या यंत्रात अशी ढवळाढवळ करणं म्हणजे विद्युतचुंबकीय व्यत्यय. तो रोखण्यासाठी यंत्राभोवती किंवा वायरभोवती जे आवरण घालतात त्याला शील्डिंग म्हणतात. आपण कवच म्हणू. चांगल्या माईक वायरचं टोक सोललं तर आत बारीक तांब्याच्या तारांची विणलेली जाळी दिसते. ती जाळीच कवच. आपल्याकडे बहुतेक वेळा गडबड होते ती पिनपाशी. ओढाताणीत जाळीचा टाका सुटतो. वायर दिसायला धड असते, आवाजही येतो, पण कवच कशालाच जोडलेलं नसतं. त्यामुळे टर्र-टर्र वाढली तर नवा ॲम्प्लिफायर घेण्याआधी पिन उघडून तो टाका बघायला सांगा. काम थोड्या पैशांत होतं.

पन्नीतला फोन

कवच कसं काम करतं हे घरी बघता येतं. पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियमची पन्नी घ्या, तिच्यात फोन चारही बाजूंनी नीट गुंडाळा, कडा दोनदा दुमडा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करा. बहुतेक वेळा ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ असं ऐकू येईल. आता पन्नीची एक बाजू उघडी ठेवून पुन्हा करा. फोन वाजेल. मग तोच फोन स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावा. इथे मुलं चकित होतात, कारण पन्नीपेक्षा कितीतरी जाड असलेल्या डब्यात फोन पुष्कळदा वाजतो.

म्हणजे जाडीपेक्षा फट महत्त्वाची. मोबाइलच्या लहरी धातूत फार खोल शिरतच नाहीत. साधारण १ गिगाहर्ट्झच्या लहरीचा जोर तांब्यात फक्त २ मायक्रॉन खोलीवर एक तृतीयांशाच्या आसपास उतरतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पन्नीची जाडी त्याच्या कित्येक पट असते, म्हणून ती पुरते. डब्याच्या झाकणाखाली मात्र गोल फट असते. ती रुंदीला केसाएवढी असली तरी लांबीला वीतभर असते, आणि लहरीला आत शिरायला रुंदी नव्हे, लांबी लागते. ९०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ३३ सेंटिमीटर लांब असते, फाइव्ह-जीच्या ३.५ गिगाहर्ट्झची साडेआठ. लहर जितकी आखूड, तितकी लहान फटही तिला पुरते. जुन्या यंत्रांची कवचं नव्या काळात गळायला लागतात त्याचं एक कारण हे.

हे सगळं नवं नाही. मायकेल फॅरडेने १८३६ मध्ये धातूच्या पन्नीने मढवलेली एक खोलीच उभारली होती. बाहेरून तिला विजेचे झटके दिले तरी आत मोजयंत्राचा काटा हलला नाही. तेव्हापासून अशा बंद धातूच्या खोलीला ‘फॅरडे केज’ म्हणतात, मराठीत फॅरडेचा पिंजरा. पिंजरा हा शब्द चांगला आहे, कारण भिंत भरीव असायलाच हवी असं नाही. जाळीही चालते. अट एकच, भोकं लहरीपेक्षा खूप लहान हवीत. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातून शिजणारं अन्न दिसतं, पण आतल्या १२ सेंटिमीटरच्या लहरींचा मुख्य जोर आतच राहतो, तो याच हिशेबावर.

खोडदचे कान

या हिशेबाचा महाराष्ट्रातला सगळ्यात देखणा नमुना पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला उभा आहे. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ही दुर्बीण झाली. तबकडी म्हटलं की डिश टीव्हीची भरीव थाळी डोळ्यांसमोर येते, पण इथे थाळीच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या अर्ध्या मिलिमीटरहून जराशा जाड तारांची जाळी ताणलेली आहे. मध्यभागी भोकं एक सेंटिमीटरची, कडेला दोन सेंटिमीटरची. वारा आरपार जातो, त्यामुळे एवढी मोठी तबकडी हलक्या सांगाड्यावर उभी राहते आणि खर्चही वाचतो. आकाशातून येणाऱ्या २१ सेंटिमीटरच्या किंवा त्याहून लांब लहरींना मात्र ती जाळी भरीव पत्र्यासारखीच वाटते.

तुम्ही म्हणाल, ही तर लहरी गोळा करणारी जाळी झाली, अडवणारी कुठे? धातूच्या दृष्टीने दोन्ही एकच. लहर परतवायची आणि ती नेमकी कुठे जाईल हे ठरवायचं.

खरा पेच पुढे आहे. ही दुर्बीण ज्या लहरी ऐकते त्या इतक्या क्षीण असतात की चंद्रावर कुणी एक साधा मोबाइल सुरू ठेवला तर तो तिच्या आकाशातल्या अतिशय तेजस्वी वस्तूंपैकी एक ठरेल. मग खोडदच्या आसपासचे फोन, टॉवर, विजेच्या तारांवरच्या ठिणग्या, मोटारी यांचं काय? दुर्बिणीला पिंजऱ्यात ठेवता येत नाही, कान झाकून ऐकता येत नाही. म्हणून तिथे उलटं करावं लागतं. आवाज करणाऱ्या वस्तू झाकायच्या. पाहुण्यांना फोन बंद ठेवावे लागतात. तबकड्यांकडून येणारा संदेश मध्यवर्ती केंद्रात तांब्याच्या तारेने नव्हे तर प्रकाशाच्या फायबरमधून जातो, म्हणजे वाटेत काही गळत नाही आणि काही शिरतही नाही. पुणे-नाशिक नव्या रेल्वेमार्गाची मूळ आखणी याच दुर्बिणीच्या परिसरातून जात होती. दुर्बिणीला होणाऱ्या व्यत्ययामुळे त्या आखणीवर आक्षेप आला आणि मार्गाचा प्रश्न लोकसभेपर्यंत गेला. रेल्वेची वाट पाहणाऱ्या गावांची नाराजी समजण्यासारखी आहे. पण नुसतं कवच घालून सुटणार नाही असा हा प्रश्न आहे.

आपल्या दीनमध्ये शेजाऱ्याच्या हक्कावर किती जोर दिला आहे, हे वाचकांना सांगायला नको. या शास्त्रातही पहिली जबाबदारी गोंगाट करणाऱ्यावर येते. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या चाचण्यांमध्ये दोन प्रश्न विचारले जातात. ही वस्तू बाहेर किती लहरी सांडते? आणि बाहेरच्या लहरी आल्या तर ती तग धरते का? पहिला प्रश्न शेजाऱ्यासाठी, दुसरा स्वतःसाठी.

आपल्या तालुक्यात हा प्रश्न शेतात भेटतो. सौर पंप आले, चांगलं झालं. पण पॅनेलची वीज मोटारीला चालेल अशी करणारा जो कंट्रोलर असतो, तो वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत असतो. कंट्रोलर ते मोटार ही लांब वायर मग अँटेना बनते. बांधावर रेडिओ घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला मीडियम वेव्हवर नुसती घरघर ऐकू येते. जिनिंगमध्ये मोटारींचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह असतात, तिथेही हीच गोष्ट. रेडिओचं एक वेळ सोडून द्या, पण त्याच वायरीशेजारून सेन्सरची वायर गेली असेल तर पाण्याची पातळी चुकीची दिसू शकते. उपाय कवचाची केबल, नीट अर्थिंग आणि वायरीवर अडकवायची फेराइटची कडी. लॅपटॉपच्या चार्जरच्या वायरीवर जो काळा गोळा असतो ना, तीच ती. अर्थिंगच्या नावाखाली खड्ड्यात नुसती सळई ठोकून जाणारे फिटर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. तिथे कवचही निम्मं कामाचं राहतं.

एमआरआयची खोली, छातीतला पेसमेकर

घरातलं कुणी आजारी पडलं की बाभुळगावची माणसं यवतमाळ, सावंगी, अमरावती नाहीतर नागपूर गाठतात. एमआरआय काढायची वेळ आली तर खोलीचं दार नीट बघा. एक्स-रेच्या खोलीत शिसं वापरतात. ते वेगळं, जास्त शक्तीच्या किरणांसाठी. एमआरआयच्या खोलीला बहुधा तांब्याचं अस्तर असतं, भिंत, छत, जमीन सगळीकडे. १.५ टेस्लाचं यंत्र शरीरातून येणारे ६४ मेगाहर्ट्झच्या आसपासचे अतिशय हलके संदेश टिपतं. ३ टेस्लाचं १२८ च्या आसपासचे. एफएम रेडिओ ८८ ते १०८ मध्ये असतो, म्हणजे अगदी शेजारीच. बाहेरची लहर आत आली की चित्रावर रेघा उमटतात आणि डॉक्टरला गाठ कुठली आणि रेघ कुठली हा प्रश्न पडतो. म्हणून त्या दाराच्या कडेला धातूच्या स्प्रिंगसारख्या पट्ट्या असतात, फट बुजवणाऱ्या, आणि खिडकीच्या काचेत बारीक जाळी असते. कर्मचारी दार नीट लागलं का हे पुन्हा-पुन्हा बघतो, तो उगाच नव्हे.

पेसमेकर हे याचंच छोटं रूप. टायटॅनियमच्या बंद डबीत तो असतो आणि वायर जिथे आत शिरते तिथे नको त्या लहरी गाळणारी चाळणी असते. त्यामुळे साध्या मोबाइलच्या लहरींनी आजचा पेसमेकर सहसा बिघडत नाही. तरी फोन छातीच्या खिशात ठेवायचा नाही, निदान १५ सेंटिमीटर दूर ठेवायचा आणि पेसमेकर ज्या बाजूला आहे त्याच्या उलट कानाला लावायचा, असं डॉक्टर सांगतात. याचं एक कारण लहरी नसून चुंबक आहे. काही नव्या फोनमध्ये चार्जिंगसाठी चुंबकाची कडी बसवलेली असते, आणि स्थिर चुंबकाला टायटॅनियम किंवा तांबं अडवत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी आयफोन १२ छातीवर ठेवून बघितला तेव्हा एका रुग्णाचं हृदयातलं यंत्र तेवढ्या वेळापुरतं थबकल्याचं त्यांनी नोंदवलं. लहरींचं कवच आणि चुंबकाचं कवच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चुंबकासाठी निकेल-लोखंडाचा खास मिश्रधातू लागतो.

हज-उमराहला जाणाऱ्या बुजुर्गांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं. विमानतळाच्या धातुशोधक चौकटीतून साधं चालत जायला हरकत नसते, तिथे टेकून किंवा थांबून राहायचं नाही. पेसमेकरचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवायचं आणि हातातलं यंत्र छातीवर धरून ठेवू नका असं सांगायचं. अब्बांना इंग्रजी-हिंदी जमत नसेल तर हे वाक्य कार्डाच्या पाकिटावर लिहून द्या.

धातू असताना नवं कशाला?

तांबं आहे, ॲल्युमिनियम आहे, मग नव्या पदार्थांची एवढी धडपड का? एक तर वजन. दुसरं, वस्तू प्लॅस्टिकच्या झाल्या. फोन, गाडीचा डॅशबोर्ड, इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीची पेटी, या आकारांवर पत्रा बसवणं कठीण, आणि प्लॅस्टिक लहरींना उघड्या खिडकीसारखं. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. धातू लहर मुख्यतः परतवतो, गिळत नाही. आपल्या टिनावरचं पाणी शेजाऱ्याच्या अंगणात सोडावं तसं ते होतं. फोनच्या आत एका चिपवरून परतलेली लहर बोटभर अंतरावरच्या दुसऱ्या चिपवर जाऊन पडते.

म्हणून लहर गिळणारे पदार्थ हवे असतात. कार्बन भरलेला फोम आणि फेराइट हे जुने. कार्बनच्या नळ्या, ग्राफीन, वीज वाहणारी पॉलिअॅनिलीनसारखी प्लॅस्टिकं, चांदी चढवलेलं नायलॉन हे नंतरचे. आणि गेल्या दहा-बारा वर्षांत ज्याची सर्वाधिक चर्चा झाली तो एमझिन.

एमझिन पहिल्यांदा २०११ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात तयार झाला. टायटॅनियम, ॲल्युमिनियम आणि कार्बनच्या थरांचा एक पदार्थ घेतात आणि आम्लाने त्यातले ॲल्युमिनियमचे थर तेवढे विरघळवून काढतात. खारी बिस्किटाचे पापुद्रे सुटावेत तसे टायटॅनियम-कार्बनचे पापुद्रे उरतात, अणूंच्या काही थरांएवढे पातळ. ते पाण्यात मिसळतात, शाईसारखे. म्हणजे कपड्यावर, प्लॅस्टिकवर फवारता येतात आणि वाळल्यावर वीजही वाहतात.

२०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. पहिली दोन नावं फैसल शहजाद आणि मोहम्मद अल्हाबेब, सोबत कोरियाचे चोंग मिन कू आणि ड्रेक्सेलचे युरी गोगोत्सी. ४५ मायक्रॉन जाडीच्या, म्हणजे केसाहून पातळ एमझिनच्या पापुद्र्याने ९२ डेसिबलपर्यंत लहर रोखली. डेसिबलचा हिशेब असा : २० म्हणजे शंभरातला एक भाग पार जातो, ३० म्हणजे हजारातला एक, ६० म्हणजे दहा लाखांतला एक. ९२ म्हणजे दीडशे कोटींहून जास्त भागांतला एक. ही ताकद तांब्या-ॲल्युमिनियमच्या पन्नीच्या तोडीची आहे, आणि घनता तांब्याच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. पापुद्र्यांच्या थरांमध्ये लहर एकदा शिरली की या थरावरून त्या थरावर आपटत आतच जिरते. २०२० मध्ये आमिर इक्बाल आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्येच या घराण्यातला दुसरा पदार्थ मांडला. नायट्रोजन मिसळलेला, तापवून आतून सच्छिद्र केलेला. जाडी ४० मायक्रॉन, रोखण्याची ताकद ११६ डेसिबल. आणि तो परतवण्यापेक्षा गिळतो जास्त, हे विशेष.

मग बाजारात का दिसत नाही? एमझिन दमट हवेत आणि उष्णतेत हळूहळू गंजतो. यवतमाळचा मे आणि कोकणचा जुलै दोन्ही त्याचे वैरी. तो बनवायला लागणारं हायड्रोफ्लोरिक आम्ल माणसाच्या हाडापर्यंत जाळतं. ते टाळणाऱ्या पद्धतींवर काम चालू आहे. किंमतही मोठी.

स्टिकरवाल्यांचं काय?

ग्राफीन, नॅनो, क्वांटम ही नावं आता दुसरीकडेही दिसतात. फोनच्या मागे चिकटवायचं नाण्याएवढं स्टिकर, गळ्यातलं लॉकेट, गरोदर बायकांसाठी ॲप्रन. ‘९९ टक्के रेडिएशन कमी’. गावात कुणी मोबाइल दुकानातून घेतं, कुणी ऑनलाइन, आणि गरोदर लेकीसाठी घेताना कुणी किंमत बघत नाही. विकणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं.

वर डब्याच्या फटीचं पाहिलं, ते इथे लावून बघा. सगळीकडून बंद नसलेला डबा फोनला अडवू शकत नाही, मग पाठीवरची एक टिकली काय अडवणार? आणि समजा अडवलं, तर कॉलच लागणार नाही. अर्धवट अडवलं तर टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी फोन आपली ताकद वाढवतो, म्हणजे लहरी वाढतात आणि बॅटरीही लवकर उतरते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ग्राहकांना हाच इशारा दिलेला आहे. ॲप्रनचं कापड खरोखर चांदीचं असेलही, आणि समोरून येणारी लहर परतवेलही. पण बाजू, खाली, वर, पाठ उघडी.

कुणी असं काही विकायला आलं तर ‘रेडिएशन किती टक्के कमी’ हे विचारू नका. कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती डेसिबल, कोणत्या प्रयोगशाळेत मोजलं, आणि लावल्यावर फोन कसा चालतो, हे विचारा. पवईच्या समीरमध्ये किंवा पुण्याच्या एआरएआयमध्ये लहरींच्या चाचण्यांसाठी खास खोल्या आहेत. भिंतींवर लहर गिळणारे सुळके आणि बाहेरून धातूचा पिंजरा. खऱ्या मालाला तिथल्यासारखा अहवाल मिळवता येतो. बी.एस्सी. किंवा डिप्लोमा करणाऱ्या आपल्या मुला-मुलींनीही ही नावं लिहून ठेवावीत. या चाचण्यांशिवाय कितीतरी इलेक्ट्रॉनिक वस्तू बाजारात जाऊच शकत नाहीत, त्यामुळे हे काम जाणणारी माणसं लागतात.

फोनच्या लहरींची काळजी वाटत असेल तर फुकटचा उपाय अंतराचा आहे. स्पीकर किंवा वायरचा इअरफोन वापरा, झोपताना फोन उशीखाली ठेवू नका, सिग्नलची एकच काडी असताना लांबलचक बोलू नका, कारण फोन तेव्हाच जास्त ताकद लावतो. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनला शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची मर्यादा किलोला १.६ वॅट आहे. आपल्या फोनचा आकडा बघायचा असेल तर डायल करा : स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश.